शार्प्स कार्बाइन: चकचकीत घ्यावी की मळकी?

रिकीब

मंडळी नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय.

मला १९ व्या शतकातल्या घोडदळाच्या बंदुकांचा नाद लागलाय. पायदळाच्या लांब रायफली नाहीत, फक्त कार्बाइन म्हणजे घोडेस्वाराच्या आखूड बंदुका, आणि खोगिराला अडकवायची पिस्तुलं. अट एकच, जे घेईन ते मूळ अवस्थेत पाहिजे, कुणीतरी घासूनपुसून नवं केलेलं नको. कायद्याचं मी माझ्यापुरतं तपासलंय त्यामुळे त्यावर इथे चर्चा नको, पण वस्तूबद्दल तुमचा सल्ला पाहिजे.

सध्या तीन नग डोळ्यासमोर आहेत. पहिली शार्प्स न्यू मॉडेल १८६३, टोपीवर (घोडा आपटला की ठिणगी पाडणारी बारीक धातूची टोपी) उडणारी म्हणजे पर्कशनवाली, नळी गडद निळी, लाकूड आरशासारखं, विकणारा म्हणतो जवळजवळ न वापरलेली आहे. दुसरीपण शार्प्सच पण अमेरिकन यादवी युद्धानंतर धातूच्या काडतुसासाठी बदललेली, नळी तपकिरी पडलीये, लाकूड काळपट, पट्ट्याला अडकवायची रिंग असते त्या बाजूला चांगलंच खरवडलंय, बघून वाटतं शंभर वर्षांत कुणी फडकं लावलं नसेल. तिसरी स्प्रिंगफील्डची ट्रॅपडोअर (मागचं झाकण वर उघडून काडतूस घालायची) कार्बाइन, ही म्हणे लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या लढाईच्या काळातली, आणि विकणारा सारखं तिथे लढलेल्या सेव्हन्थ कॅव्हलरी या घोडदळाच्या रेजिमेंटचं नाव काढतोय पण कागद काही दाखवत नाहीये.

माझं मन पहिलीवर आहे. पण इतकी चांगली कशी काय राहिली हा प्रश्न पण पडतोय. तर फोटोवरून काय काय बघायचं, बदललेली बंदूक ओरिजिनल धरायची का, आणि दुसरी घेतलीच तर ती साफ करावी का तशीच ठेवावी?

ठासणीवाला

स्वागत आहे. प्रश्न चांगला विचारलास, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलीपासून सुरू करू. आधी बॉडीचा रंग बघ, म्हणजे नळीच्या मागचा लोखंडी भाग ज्यात ब्रीच ब्लॉक, म्हणजे नळी मागून बंद करणारा ठोकळा, वरखाली होतो तो. शार्प्सची नळी कारखान्यातून ब्ल्यू करून यायची पण बॉडी, लॉकप्लेट (बाजूची पट्टी, जिच्यावर घोडा बसतो), घोडा (टोपीवर आपटतो तो) हे सगळं केस हार्डन केलेलं असायचं, म्हणजे त्यावर निळा-तपकिरी-करडा असा ढगाळ रंग. तो रंग उजेडाने आणि हाताळून उडतो आणि खाली चांदीसारखा करडा राहतो, फक्त आडोशाच्या जागी, लिव्हरच्या कोपऱ्यात किंवा लॉकप्लेटच्या आतल्या बाजूला थोडा टिकतो. त्यामुळे बॉडीपण नळीसारखीच एकसारखी निळी-काळी असेल तर कुणीतरी नंतर रंग चढवलाय, मग विकणारा काहीही म्हणो.

दुसरं म्हणजे अक्षरं. बॉडीच्या डाव्या बाजूला शार्प्सच्या पेटंटची तारीख असते, १२ सप्टेंबर १८४८, नळीवर न्यू मॉडेल १८६३ आणि हार्टफर्डच्या कंपनीचं नाव. या अक्षरांच्या कडा बघायच्या. बफिंगचं चाक फिरवलं की कडा बसतात, अक्षर उथळ होतं आणि स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खळगा पडतो. गंजाचे बारीक खड्डे असतील आणि खड्ड्यांच्या आतसुद्धा छान निळा रंग असेल तर विषयच संपला, कारण आधी रंग आणि मग गंज असा क्रम असतो, उलटा नाही.

लाकडाचं तर फार सोपं आहे. नवं असताना लाकूड धातूपेक्षा किंचित वर असायचं किंवा बरोबरीला. पॉलिश पेपर मारलेलं लाकूड धातूच्या खाली बसतं, लॉकप्लेटची कड बाहेर डोकावते, बटप्लेटपाशी (दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी) तर बोट फिरवलं की पायरी लागते, आणि सगळे कोपरे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल होतात. डाव्या बाजूला, रिंगची दांडी असते तिथे तपासनीसाचा शिक्का असतो, चौकटीत आद्याक्षरं. लाकूड आरशासारखं आणि शिक्का पुसट, ही जोडी दिसली की समजायचं.

एक नंबरांची गंमत. टँगवरचा (बॉडीची लाकडात गेलेली मागची पट्टी) नंबर ‘सी’ अक्षराने सुरू होत असेल तर घाबरू नकोस, तिथे सी म्हणजे एक लाख. लाखाच्या वर गेल्यावर जागा वाचवायला त्यांनी तसं केलं. पुढचं लाकूड काढलं की नळीच्या खालच्या बाजूलाही नंबर असतो, तो जुळतो का ते बघायचंच.

पागा

ठासणीवाले, लिहिलंय छान. पण दुसरीबद्दल माझं स्पष्ट मत, ती घेऊ नये. रिकीब यांची अट मूळ अवस्थेची आहे ना? मग धातूच्या काडतुसासाठी बदललेल्या शार्प्समध्ये मूळ काय उरलं, ब्रीच ब्लॉक बदलला, बऱ्याच नगांमध्ये नळीच्या आत दुसरी नळी घातली, मारा वेगळा, काडतूस वेगळं. माझ्या लेखी कारखान्यातून १८६३-६४ ला जशी निघाली तशी असेल तर ओरिजिनल. बाकी सगळं उपयुक्त असेल, ऐतिहासिक असेल, पण माझ्या कपाटात नको.

खोगीर

पागाशेठ तुमच्या कपाटात मग फारच कमी वस्तू असणार 😀

अहो घोडदळाच्या बंदुका म्हणजे वापरून वापरून पिळून काढलेलं सामान. दुरुस्तीला गेली नाही अशी कार्बाइन म्हणजे बहुतेक कोठारात पडून राहिलेली किंवा पहिल्याच मोहिमेत हरवलेली.

ठासणीवाला

पागा, आपला हा वाद जुनाच आहे आणि मिटणार नाही हे माहितीये, तरी रिकीबसाठी माझी बाजू मांडतो.

युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याकडे पर्कशनच्या शार्प्सचे ढीग होते आणि जग धातूच्या काडतुसाकडे चाललं होतं. मग त्यांनी १८६७ ते १८६९ च्या दरम्यान साधारण ३१,००० कार्बाइन शार्प्स कंपनीकडूनच .५०-७० च्या काडतुसासाठी बदलून घेतल्या. ज्या नळ्या आतून जास्त झिजलेल्या होत्या त्यांच्यात अस्तर घातलं, ज्या घट्ट होत्या त्या तशाच ठेवल्या. नंतर तपासणी होऊन लाकडावर डी.एफ.सी. असा नवा शिक्का बसला, डेव्हिड एफ. क्लार्क या तपासनीसाचा. म्हणजे हे काम कुणा गावठी मिस्त्रीचं नाही, ज्या सैन्याची बंदूक त्यानेच करून घेतलेलं आहे आणि त्यानंतर ती बंदूक परत घोड्यावर चढलेली आहे. स्पेन्सर या दुसऱ्या कार्बाइनचं तसंच, युद्धानंतर स्प्रिंगफील्डला जाऊन त्यांना अस्तर लागलं, स्टेबलरचा कट-ऑफ (साठ्यातली काडतुसं अडवून एकेक घालून वापरायची कळ) बसला आणि ई.एस.ए. शिक्का मिळाला. तो शिक्का दिसला की लोक खूश होतात, नाराज नाही.

अजून टोकाचं उदाहरण कोल्टचं. १८७३ चं सिंगल ॲक्शन घोडदळाला साडेसात इंची नळीचं दिलं होतं. पुढे १८९० च्या दशकाच्या मध्यापासून सैन्याने हीच रिव्हॉल्व्हरं परत मागवून नळ्या साडेपाच इंचांवर कापल्या, आणि सुटे भाग एकत्र टाकून परत जुळवल्यामुळे एकाच रिव्हॉल्व्हरवर तीन-चार वेगळे नंबर दिसतात. त्याला आज आर्टिलरी मॉडेल म्हणतात आणि नंबर न जुळणं हेच तिथे बरोबर मानलं जातं! उलट साडेसात इंची, सगळे नंबर जुळणारी, दस्त्यावर ओ.डब्ल्यू.ए. म्हणजे ऑरव्हिल एन्सवर्थचा शिक्का अशी घोडदळाची कोल्ट कुणी दाखवली की मी आधी संशयानेच बघतो, कारण नकली बनवायला सगळ्यांना तीच आवडते.

तर माझ्या मते रेघ अशी ओढावी. सैन्याच्या सेवेत असताना सैन्याने केलेला बदल मूळ अवस्थेत मोडतो. सेवेतून बाहेर पडल्यावर विकण्यासाठी किंवा शोभेसाठी केलेला मोडत नाही.

आणि यातूनच पहिलीचा धोका निघतो. पर्कशनवाली शार्प्स जास्त भाव खाते म्हणून काही लोक बदललेल्या कार्बाइनमधला ब्रीच ब्लॉक काढून जुना पर्कशनचा बसवतात. वरून बघितलं तर कळत नाही. पण मूळ नळीत आतून सहा पिळदार खोबण्या (गोळी फिरवणाऱ्या) असतात आणि सैन्याने घातलेल्या अस्तरात तीन. पर्कशनचा ब्लॉक आणि आत तीन खोबण्या, किंवा नळीच्या तोंडाशी आत अस्तराचं बारीक कडं, किंवा लाकडावर डी.एफ.सी., यातलं एकही दिसलं तर ती बंदूक उलटी फिरवलेली आहे. आता सांग, लाकूड इतकं घासायची गरज कुणाला का पडली असेल? पॉलिशची हौस असू शकते. शिक्का घालवायचा असेल असंही असू शकतं. विकणाऱ्याकडून नळीच्या तोंडाचा समोरून, उजेड टाकून फोटो माग.

पागा

उलट्या फिरवलेल्यांबद्दल १००% सहमत. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या बंदुकांमध्ये तर हा रोगच आहे. १८३०-४० च्या सुमारास जगभरच्या सैन्यांनी चकमकीच्या बंदुका टोपीवर आणल्या, तो बदल खरा. मग २० व्या शतकात विक्रेत्यांनी त्यांना परत चकमक बसवली. कान (ठिणगी आत जायचं भोक) आणि वेल्डिंग बघायचं नळीच्या बाजूला, लॉकप्लेटवर बुजवलेली भोकं असतात. आणि टोपीमुळे त्या जागी जी खास झीज होते, बारीक खड्ड्यांची, ती चकमकीच्या बंदुकीवर असायचं काही कारणच नाही.

बाकी मतावर ठाम 🙏

नालबंद

तिसरीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी.

ट्रॅपडोअरमध्ये सगळ्यात मोठा धंदा म्हणजे रायफल कापून कार्बाइन करणं, कारण रायफली रग्गड बनल्या आणि कार्बाइन त्या मानाने कमी. १८७३ च्या कार्बाइनची नळी २२ इंच, रायफलची ३२ इंचांच्या वर. नळी पुढे निमुळती होत जाते, म्हणजे रायफलची नळी २२ इंचांवर कापली की तोंडाशी ती खऱ्या कार्बाइनपेक्षा जाड राहणार, हे काही लपवता येत नाही, फक्त मोजपट्टी पाहिजे. दुसरं, रायफलच्या लाकडात खालून गजाची खाच असते. कार्बाइनला नळीखाली गजच नसतो. म्हणजे पुढचं टोक बघायचं, तिथे लाकडाचा तुकडा घालून बुजवलेली खाच दिसते का, रंग कितीही मिळवला तरी रेषांची दिशा चुकते. आणखी एक, पहिल्या कार्बाइनच्या बटमध्ये साफसफाईच्या गजाचं झाकण नव्हतं, ते १८७७ च्या सुमारास आलं. १८७६ सालची म्हणून विकतायत आणि बटप्लेटला झाकण आहे, असं असेल तर विकणाऱ्यालाच विचारा हे कसं काय. नेम धरायच्या मागच्या साइटवर सी अक्षर असेल तर ती साइट कार्बाइनची, पण ती पण पुढच्याच काळातली, आणि साइट दोन स्क्रूंची वस्तू, कधीही बदलता येते.

सेव्हन्थ कॅव्हलरीचं काय सांगू. १९८३ ला त्या रणांगणावर वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली आणि १९८४-८५ मध्ये पुरातत्त्ववाल्यांनी शिस्तीत उत्खनन केलं. सापडलेल्या पुंगळ्यांवरच्या फायरिंग पिनच्या खुणांवरून कुठली बंदूक कुठून कुठे फिरली हे काढलं, आणि आज अस्तित्वात असलेल्या काही बंदुका झाडून त्या खुणांशी ताडून बघितल्या. जुळल्या त्या मोजक्याच. म्हणजे खरा पुरावा कसा असतो याची कल्पना येईल. बाकी नंबरांच्या याद्या आहेत, सरकारी दफ्तरांतून स्प्रिंगफील्ड रिसर्च सर्व्हिसने काढून छापलेल्या, पण त्यात तोच नंबर पाहिजे. माझा नंबर यादीतल्या नंबरापासून फक्त चाळीसने लांब आहे, असं अभिमानाने सांगणारे लोक असतात, चाळीसने लांब म्हणजे यादीत नाही!

खोगीर

नालबंद 👏 शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा कुणीतरी.

रिकीब भाऊ, मी वेगळंच सुचवतो. तुम्हाला खरंच हात न लावलेली कार्बाइन हवी असेल तर शार्प्स-स्पेन्सरचा नाद थोडा बाजूला ठेवा आणि बर्नसाइड किंवा स्मिथ बघा. बर्नसाइडचं काडतूस पितळी, शंकूच्या आकाराचं, बुडाला भोक आणि पेटवायला बाहेरून टोपी. स्मिथची तर काडतुसं रबराची होती. युद्ध संपलं आणि हे सगळं एका झटक्यात कालबाह्य झालं. सैन्याला शार्प्स नि स्पेन्सर बदलून वापरणं परवडलं, या बाकीच्या सरळ सरप्लसमध्ये विकून टाकल्या. म्हणून त्यांना दुसरा शिक्का नाही, अस्तर नाही, जशा आल्या तशा गेल्या. बर्नसाइड ५०,००० च्या वर बनलेल्या आहेत त्यामुळे मिळतातही. फक्त एक बघायचं, सरप्लसमधून घेतलेल्या बऱ्याच जणांनी शिकारीला नेताना खुळखुळ नको म्हणून रिंग आणि दांडी काढून टाकली, आणि मग आता विक्रेते नवी बसवतात.

आणि झीज वाचायला शिका. घोडेस्वार कार्बाइन खांद्यावर तिरक्या घातलेल्या रुंद पट्ट्याला अडकवायचा, पट्ट्याचा हुक त्या रिंगमध्ये, नळी खाली, तोंड खोगिराच्या चामडी सॉकेटमध्ये. दिवसभर घोडा चालतोय आणि रिंग आपटतेय. म्हणजे रिंगखालच्या लाकडात कमानीसारखा खरवडा पडणारच, दांडी मधे बारीक होणारच, नळीच्या तोंडाजवळचा रंग सगळ्यात आधी उडणारच. तुमच्या दुसऱ्या नगाचं वर्णन वाचून मला तर हेच आठवलं. रिंग झिजलेली आणि खालचं लाकूड गुळगुळीत, किंवा लाकूड खरवडलेलं आणि रिंग कोरी, असं असलं तर दोघांची ओळख अलीकडची आहे.

ब्रिटिश बाजूला यायचं असेल तर पॅजेट कार्बाइन बघा, १८०८ च्या सुमाराची, नळी फक्त १६ इंच, आणि गज बिजागरीने नळीलाच जोडलेला कारण पळत्या घोड्यावर गज हातातून पडला की बंदुकीची काठी झाली. ती बिजागरी नेमकी तुटते, म्हणून बऱ्याच वेळा नवीन असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मालावर आधी हृदयाच्या आकाराचा शिक्का आणि नंतर उभा सिंह. पण खैबर खिंडीकडच्या कारागिरांचा माल आला की सावध. हात सोन्याचे, पण इंग्रजी वाचता यायची नाही, त्यामुळे एन उलटा, स्पेलिंग भलतंच, आणि राणी व्हिक्टोरियाच्या व्ही.आर. शिक्क्याखाली १९०७ साल. राणी १९०१ च्या जानेवारीतच गेली होती. मला स्वतःला अशी एक जमवायला आवडेल, पण खैबरची म्हणून, एन्फील्डची म्हणून नाही.

रिकीब

बापरे, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

पहिलीचे फोटो परत मागितले. बॉडी नळीसारखीच एकसारखी काळी-निळी आहे. लॉकप्लेटची कड लाकडाच्या बाहेर आलीये, आता सांगितल्यावर स्पष्ट दिसतंय. डाव्या बाजूला शिक्क्याच्या जागी फक्त एक पुसट लांबट डाग आहे. नळीच्या तोंडाचा फोटो मागितला तर म्हणाला कॅमेरा तिथे फोकस होत नाही 🙂

तिसरीच्या बटप्लेटला झाकण आहे. विचारलं तर म्हणतो नंतर बसवलं असेल.

म्हणजे राहिली दुसरी. तिच्या विकणाऱ्याने मागितलेला प्रत्येक फोटो दिला. डी.एफ.सी. शिक्का सगळ्या कडांसकट वाचता येतो, आत तीन खोबण्या, टँग आणि नळीचा नंबर एकच. तिला साफ कसं करायचं? घरातले म्हणतात एवढी घाण वस्तू आणणार असशील तर निदान घासून तरी आण.

ठासणीवाला

घरच्यांना तेवढं सोडून काहीही कबूल कर.

हातात आली की पहिलं काम, भरलेली नाही ना हे बघणं. तुझी मागून उघडते त्यामुळे सोपं आहे, ब्लॉक खाली करून आरपार बघ. ठासणीची पुढे कधी घेतलीस तर लाकडी काठी नळीत शेवटपर्यंत घालून तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघायची. काठी टोपीच्या किंवा काण्याच्या भोकाच्या अलीकडेच दोन बोटं थांबली तर आत काहीतरी आहे, आणि ते शंभर वर्षांपूर्वीचं बार असलेलं पण निघालंय लोकांना. काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. अशा वेळी घोड्याला हात न लावता जाणत्याकडे न्यायची.

तपकिरी रंगाला हात लावायचा नाही. तो बसलेला, कोरडा, गुळगुळीत असेल तर तो धातूला सांभाळतोय. फक्त कुठे नारिंगी, बोटाला लागणारा गंज असेल तर तेवढ्याच जागी हलकं तेल सोडून एक-दोन दिवस मुरू द्यायचं आणि सगळ्यात बारीक, चार शून्याच्या स्टील वूलने किंवा तांब्याच्या नाण्याच्या कडेने हळू उचलायचं. तपकिरी पडदा गेला आणि पांढरं लोखंड दिसलं की थांबायला उशीर झाला. पितळ असलेल्या बंदुकीचं पितळ चकाकवायचं नाही. लाकडावरचा काळा थर म्हणजे घोडेस्वाराच्या हाताचं तेल, घाम, धूर. किंचित ओलसर सुती कापडाने धूळ टिपून घे, वॉर्निश नाही, पॉलिश पेपर तर नाहीच. शेवटी लाकूड आणि धातू दोन्हीला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, संग्रहालयात वापरतात ते. नंतर हाताळताना सुती हातमोजे घाल, बोटांच्या घामातलं मीठ आठवड्यात ठसा उमटवतं. आर्द्रता ५०% च्या आसपास, आणि चामड्याच्या म्यानात कधीच ठेवायची नाही, चामड्यातले क्षार लोखंड खातात.

उघडायची असेल तर स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारा, बाजू समांतर असलेला स्क्रूड्रायव्हर पाहिजे. तुझ्या फोटोतल्या खाचा कोऱ्या असतील तर मी तरी उघडणार नाही.

पागा

ठासणीवाले, मेणाबद्दल एक, आधी तेल पूर्ण टिपून घ्यायला सांगा, तेलावर मेण धरत नाही.

रिकीब, मी घेतली नसती, पण नंबर जुळतायत आणि शिक्का वाचता येतोय म्हणजे तिच्या जातीत ती चांगलीच आहे. आली की डाव्या बाजूचा, रिंगखालच्या खरवड्याचा जवळून फोटो टाका, आणि ब्लॉक उघडून समोरच्या कडेचा पण.